मोफत दंत तपासणी शिबिरानंतरही दात किडलेलेच का राहतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एक छोटी संस्था रोजंदारीवर जगणाऱ्या लोकांच्या वस्तीत दर वर्षी मोफत दंत तपासणी शिबिर घेते. गर्दी चांगली होते, डॉक्टर मनापासून तपासतात, पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठ्या दिल्या जातात. पण चिठ्ठी घेऊन दवाखाना गाठणारे फार थोडे, आणि पुढच्या वर्षी तीच मुले आणखी किडलेले दात घेऊन समोर येतात. आता एका देणगीदाराने फिरती दंत व्हॅन देऊ केली आहे. ती घ्यावी का? आणि आणखी काय करता येईल?

मी सार्वजनिक दंत आरोग्याच्या कामात बरीच वर्षे आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. व्हॅन आत्ता घेऊ नका. आणि नुसती तपासणी करून चिठ्ठी देणारे शिबिरही पुढच्या वर्षी घेऊ नका. तेवढ्याच माणसांत आणि बहुधा तेवढ्याच पैशांत वर्षभर चालणारे काम उभे राहते, आणि दात वाचतात ते त्या कामाने. ते कसे, हे आता सविस्तर सांगते.

चिठ्ठी का पोचत नाही, इथून सुरुवात करू. लोकांना दातांचे महत्त्व कळत नाही, असे आपण पटकन म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. ज्याने दाढदुखीत रात्र काढली आहे त्याला दाताचे महत्त्व कुणी शिकवायला नको. पण दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. दाताचे काम एका फेरीत संपत नाही, म्हणजे दोन-तीन दिवस बुडतात. धाकट्याला कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न असतोच. शिवाय शिबिराच्या दिवशी दुखत नसते. न दुखणाऱ्या दातासाठी दुखेल एवढा खर्च कोण करेल? आणि पूर्वी कधी गेले असतील, तेव्हा 'इतके दिवस काय झोपला होतात का' असे ऐकून परत आलेले लोकही खूप असतात. हा अपमान माणूस विसरत नाही, आणि मुलांनाही तिकडे नेत नाही.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला: चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे सर्वांत जास्त गरज, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. दातांच्या बाबतीत हा नियम जितका उघड दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आणि त्यातले चारात तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ५१ कोटींहून जास्त मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. एवढ्या लोकांना एकेक करून दवाखान्याच्या खुर्चीत बसवून हा प्रश्न सुटणार नाही. श्रीमंत देशांनाही ते जमलेले नाही.

आता आजाराचा स्वभाव पाहा, कारण कामाची आखणी त्यावरूनच करायची आहे. तोंडातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दाताच्या कवचातले क्षार विरघळवते, आणि मधल्या वेळात लाळ ते क्षार पुन्हा भरते. ही देवाणघेवाण रोज, दर खाण्यामागे चालते. साखर वारंवार तोंडात जात असेल तर तोटा वाढत जातो आणि महिन्यांनी, वर्षांनी खड्डा पडतो. फ्लोराइड, म्हणजे टूथपेस्टमध्ये घातला जाणारा आणि दाताचे कवच बळकट करणारा घटक, तोंडात रोज थोडे थोडे असले तर भरपाईचे पारडे जड होते. म्हणजे रोज घडणारा हा आजार आहे. वर्षातून एकदा येणारा डॉक्टर, कितीही कुशल असला तरी, त्याच्या वाटेत उभा राहू शकत नाही.

म्हणून पहिले काम बालवाडीत आणि शाळेत: रोज, सगळ्यांनी मिळून, शिक्षकांच्या नजरेखाली, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे. ऐकायला हे फार साधे वाटते आणि देणगीदाराला दाखवायला फोटोही फारसा चांगला निघत नाही. पण स्कॉटलंडने बालवाड्यांमध्ये हेच राष्ट्रीय पातळीवर केले. तिथल्या पाहणीत मुलांच्या दातांची कीड तर घटलीच, शिवाय उपचारांवरचा जो खर्च वाचला तो या कार्यक्रमाच्या खर्चाहून मोठा निघाला. फिलिपिन्समध्ये सरकारी शाळांतून हात धुणे, दात घासणे आणि जंतांची गोळी देणे हे तिन्ही एकाच कार्यक्रमात बसवले. तिथे मुले मैदानात रांगेने उभी राहून दात घासतात. बेसिन हवेच असे नाही, थुंकायला मातीतला चर चालतो आणि चूळ भरायची गरजच नसते.

चूळ न भरणे हा मुद्दा शिक्षकांना मुद्दाम समजावून सांगा. घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि तसेच राहायचे. पाण्याने खळखळून चूळ भरली की पेस्टमधले फ्लोराइड वाहून जाते आणि निम्मी मेहनत वाया जाते. पेस्ट घेताना ट्यूबवर फ्लोराइडचे प्रमाण वाचा: १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हवे. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते खूप कमी असते किंवा अजिबात नसते, त्या चित्रांना भुलू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. ब्रशभर पेस्टचा पट्टा फक्त जाहिरातीत असतो. या हिशेबाने एक ट्यूब वर्गाला बरेच दिवस पुरते. ब्रशवर नावे घाला, एकाचा ब्रश दुसऱ्याला लागणार नाही असे उभे ठेवा, डबा झाकून कोंदट करू नका.

काम सुरू करण्याआधी वस्तीच्या पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. काही ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात ते याहून बरेच जास्त असते आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. तिथे आधी पाण्याचा प्रश्न हातात घ्यावा लागतो, आणि लहान मुले पेस्ट गिळत नाहीत ना यावर जास्त लक्ष ठेवावे लागते.

साखरेबद्दल दोनच वाक्ये, कारण उपदेश लोकांनी भरपूर ऐकला आहे. दिवसात एकूण किती साखर गेली याइतकेच ती किती वेळा गेली हे महत्त्वाचे, आणि झोपताना बाटलीतून गोड दूध किंवा सरबत देणे यासारखे नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही. मुलांना घरी बोलण्यापेक्षा शाळेच्या फाटकाबाहेर काय विकले जाते आणि शाळेत वाढदिवसाला काय वाटले जाते, तिथे बदल करणे सोपे आणि जास्त उपयोगी असते.

दुसरे काम, दर सहा महिन्यांनी त्याच शाळेत जाणे. इथे तुमच्या डॉक्टरांची गरज आहे, पण तपासून चिठ्ठी लिहिण्यासाठी नाही. जे आढळेल त्यावर तिथल्या तिथे उपचार करण्यासाठी. आज हे शक्य आहे, आणि बऱ्याच लोकांना त्याची कल्पना नाही.

सगळ्या मुलांना फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा फ्लोराइडचा लेप, लावा. दात कापसाने टिपायचे, ब्रशने पातळ थर द्यायचा, मुलामागे दोन-तीन मिनिटे लागतात. सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट पाहा. दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ निघालेली असते. त्या जागी कोणताच दात पडलेला नसतो, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. तिच्या खोल खाचांमध्ये अन्न अडकून पहिल्या दोन-तीन वर्षांतच कीड लागते. त्या खाचा सीलंटने, म्हणजे खाच बंद करणाऱ्या पातळ लेपाने, बुजवल्या तर ती दाढ वाचण्याची शक्यता खूप वाढते. माझ्या हातात एका वर्गासाठी एकच काम करण्याएवढा वेळ असेल, तर मी या दाढांपासून सुरुवात करेन.

ज्या दातांना कीड लागलीच आहे त्यांच्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रावण आहे. जपानमध्ये ते १९७० च्या सुमारापासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ते लावताना मी काय करते ते सांगते, म्हणजे किती थोड्या साधनांत काम होते याचा अंदाज येईल. मूल शाळेच्या बाकावर आडवे होते, डोक्याखाली मदतनिसाची मांडी. ओठांना आणि किडलेल्या दाताजवळच्या हिरडीला व्हॅसलिन, कारण हे द्रावण कातडीला लागले तर काही दिवस तपकिरी डाग राहतो. ब्रशने दातावरचे अन्न काढायचे, कापसाचे बोळे ठेवून दात कोरडा करायचा. मग छोट्या ब्रशच्या टोकावर थेंबाहून कमी द्रावण घेऊन खड्ड्यात एक मिनिट चोळायचे आणि जास्तीचे टिपून घ्यायचे. सुई नाही, ड्रिल नाही, वीजही लागत नाही. मुलाला तोंडात थोडी धातूची चव लागते, एवढेच. मऊ किडलेला भाग काही आठवड्यांत कडक होतो आणि बऱ्याच दातांमध्ये कीड तिथेच थांबते. सहा महिन्यांनी पुन्हा लावले तर यश वाढते.

एक अडचण आहे आणि ती लपवायची नाही. कीड थांबली की तो भाग काळा पडतो, कायमचा. आधीचा आणि नंतरचा फोटो आईवडिलांना दाखवा, आणि त्यांचा होकार लेखी घ्या. समोरच्या दातांना नको म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे, दाढांना लावा. हे न सांगता लावले आणि मूल काळे दात घेऊन घरी गेले, तर वस्तीतला विश्वास एका दिवसात जातो. आणि जो दात रात्री आपोआप ठणकतो, ज्याच्या मुळाशी पुळी आहे किंवा नस उघडी पडली आहे, त्याला हे द्रावण लावून उपयोग नाही. तो दात दवाखान्यातच पाठवावा लागतो. चांदीची ॲलर्जी असलेल्यांनाही ते चालत नाही.

खड्डा मोठा असेल, अन्न अडकून त्रास होत असेल, तर हाताच्या हत्यारांनी कीड काढून सिमेंट भरता येते. १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे वीज आणि दंतखुर्ची दोन्ही नव्हते अशा ठिकाणी, यो फ्रेंकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. तिला एआरटी, म्हणजे दाताला कमीत कमी इजा करून भरण्याची पद्धत, म्हणतात. चमच्यासारख्या टोकाच्या हत्याराने मऊ कीड खरवडून काढायची. कडेची सगळी काढायची, पण तळाशी नसेजवळ थोडी राहिली तर हट्टाने मागे लागायचे नाही. वरून ग्लास आयोनोमर सिमेंट भरून, बोटाला व्हॅसलिन लावून ते दाबायचे, चावा जुळतो का पाहायचे, आणि तासभर काही खाऊ नको म्हणून सांगायचे. आत बंद झालेल्या जीवाणूंना साखर मिळत नाही आणि त्यांचे काम थंडावते. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरचे असे सिमेंट वर्षानुवर्षे टिकते. दोन दातांच्या मधल्या खड्ड्यात मात्र ते लवकर निघते. तिथे दुधाच्या दाढांवर, कीड न काढता, भूल न देता तयार स्टीलची कॅप सिमेंटने बसवण्याची पद्धत जास्त भरवशाची. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल अशा कॅप बसवत असत आणि पुढे झालेल्या अभ्यासांत ती पद्धत नेहमीच्या फिलिंगपेक्षा सरस ठरली.

मला अनेकदा विचारतात, हे गरिबांसाठीचे दुय्यम उपचार नाहीत का? नाहीत. मी स्वतःच्या घरातल्या लहान मुलांसाठीही यातलेच पर्याय आधी पाहते. चार वर्षांच्या मुलाला हातपाय धरून ड्रिल लावणे हा कोणत्याच अर्थाने वरचा उपचार नाही. त्या एका अनुभवाने तो पुढची वीस वर्षे दंतवैद्याकडे फिरकत नाही.

हे सगळे करायला माणसे कुठून आणायची? सगळीकडे दंतवैद्यच हवा हा आग्रह सोडावा लागतो. न्यूझीलंडने १९२१ मध्ये दंत परिचारिकांना खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि पुढे त्यांना शाळांमध्ये नेमले. त्याच न्यूझीलंडमध्ये अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या मूलनिवासी समाजातले तरुण शिकायला गेले आणि परत येऊन, जिथे विमानाशिवाय पोचता येत नाही अशा आपल्याच गावांमध्ये दात भरू-काढू लागले. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी त्यांना कडाडून विरोध केला होता. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये अलीकडे झालेल्या अभ्यासात शालेय परिचारिकांनी लावलेले सिल्व्हरचे द्रावण दंत हायजिनिस्टने (दात साफ करण्याचे शिक्षण घेतलेल्या सहायकाने) लावलेल्याइतकेच परिणामकारक ठरले. तुमच्या भागात कायदा कुणाला काय करू देतो ते आधी विचारा आणि त्या चौकटीत राहा. पण घासायला शिकवणे, नोंदी ठेवणे, पालकांशी बोलणे, दुखणाऱ्या मुलाला शोधून काढणे, यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही. वस्तीतलीच एखादी बाई हे काम कोणत्याही बाहेरच्या डॉक्टरपेक्षा चांगले करते, कारण कोणत्या घरात आई पहाटेच कामावर जाते हे तिला माहीत असते. तिला मानधन मात्र द्या. स्वयंसेवेच्या नावाखाली गरीब बाईकडून फुकट काम करून घेऊ नये.

तिसरे काम दुखण्याचे. प्रतिबंधावर कितीही भर दिला तरी आज ज्याचा गाल सुजला आहे त्याला 'दात नीट घासत जा' म्हणून चालत नाही. दुखणे थांबवल्याशिवाय वस्ती तुमचे बाकीचे ऐकणारही नाही. यासाठी एकच करा, पण पक्के करा: जवळच्या एखाद्या सरकारी, महाविद्यालयाच्या किंवा खासगी दंत दवाखान्याशी ठरवून घ्या की आठवड्यातली अमुक एक वेळ तुमच्या माणसांसाठी राखीव. शक्यतो संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, मजुरी बुडणार नाही अशी. चिठ्ठीवर फक्त 'दंत विभाग' असे न लिहिता दिवस, वेळ, भेटायच्या व्यक्तीचे नाव आणि अंदाजे खर्च लिहा. आणि पहिल्या भेटीला वस्तीतली ती कार्यकर्ती सोबत जाऊ द्या. एका ओळखीच्या माणसाच्या सोबतीने जेवढे लोक दवाखान्यात पोचतात तेवढे कोणत्याही पोस्टरने पोचत नाहीत. तिथल्या डॉक्टरांशीही स्पष्ट बोलून ठेवा: एका फेरीत जास्तीत जास्त काम करायचे, आणि उशीर झाल्याबद्दल कुणालाही बोल लावायचे नाहीत.

दाढदुखीवर दुकानातून अँटिबायोटिक आणून घेण्याची सवय सगळीकडे आहे. लोकांना सांगा की त्याने दुखण्याचे मूळ जात नाही. नसेत किंवा मुळाशी अडकलेला संसर्ग नस साफ करून किंवा दात काढूनच संपतो. ताप आला असेल, सूज पसरत असेल, तेव्हाच अँटिबायोटिकची जोड लागते, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचे.

तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला काही लक्षणे तोंडपाठ हवीत. सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरते आहे, जीभ वर उचलली गेली आहे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतो, तोंड उघडत नाही, डोळा सुजून बंद होत आहे, सुजेबरोबर ताप आहे आणि मूल मलूल पडले आहे. यातले एकही दिसले तर दंत दवाखान्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात. ही अतिशयोक्ती नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एका १२ वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि मेंदूवर शस्त्रक्रिया होऊनही तो वाचला नाही. दाढ काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या. गरिबांचा विमा स्वीकारणारा दंतवैद्य मिळवणे हीच त्या कुटुंबासारख्यांची अडचण होती. त्यानंतर मेरीलँडने गरीब मुलांच्या दंतसेवेत मोठे बदल केले.

मोठ्या माणसांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण वस्तीत जाताच आहात तर दोन गोष्टी सोडू नका. पहिली, तंबाखू आणि दारू घेणाऱ्यांच्या तोंडात नियमित डोकावणे. तिरुवनंतपुरममध्ये १९९६ पासून चाललेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, फक्त डोळ्यांनी, लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तंबाखू-दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. यंत्र काहीच नव्हते, फक्त उजेड आणि शिकवलेली नजर. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, पूर्वीपेक्षा कमी उघडणारे तोंड, गालात लागणारी गाठ, एवढे ओळखता आले पाहिजे. आणि असा माणूस सापडला तर त्याला चिठ्ठी देऊन घरी पाठवू नका, सोबत जा. भीतीने तो जाणार नाही.

दुसरी, मधुमेह. हिरड्यांचा जुना आजार रक्तातली साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते. जिथे मधुमेहाची औषधे मिळतात त्या दवाखान्यातच 'हिरड्यांतून रक्त येते का, दात हलतात का' हे दोन प्रश्न विचारले गेले तर वेगळे शिबिर लागत नाही. हेच गरोदर बायकांच्या तपासणीला आणि बाळांच्या लसीकरणालाही लागू आहे. ब्राझीलने दंत पथके कुटुंब आरोग्य केंद्रांनाच जोडली, ती याच विचाराने. लोक जिथे येतातच, तिथे दातांचे काम न्यावे.

म्हाताऱ्या माणसांना कवळी देण्याची शिबिरे लोकप्रिय असतात. कवळी दिल्यावर ती टोचते, आणि टोचणारी कवळी फडक्यात गुंडाळून कपाटात जाते. म्हणून कवळी द्यायची तर नंतरच्या दोन-तीन भेटी आधीच ठरवा, नाहीतर देऊ नका. अंथरुणाला खिळलेल्यांच्या आणि मतिमंद मुलांच्या घरच्यांना दुसऱ्याचे दात कसे घासायचे ते हाताला धरून शिकवा. मागे बसून, डोके आपल्या छातीला टेकवून घासले की फार सोपे जाते.

निर्जंतुकीकरणात कुठेही तडजोड नको. दर माणसाला वेगळी, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक केलेली हत्यारे. पुरेशी नसतील तर माणसे कमी तपासा. हत्यारे औषधाच्या पाण्यात बुडवून पुढच्या माणसाला वापरणारे शिबिर भरवण्यापेक्षा न भरवणे बरे, कारण कावीळ ब सारखे आजार रक्तातून पसरतात.

आता हिशेब ठेवण्याबद्दल, कारण देणगीदार तेच विचारणार. 'इतक्या लोकांची तपासणी केली' हा आकडा अहवालातून काढून टाका. त्याने कुणाचेही भले झालेले नसते. त्याऐवजी नोंदवा: किती दिवस शाळेत खरोखर दात घासले गेले, सहा वर्षांच्या किती मुलांच्या नव्या दाढा सीलंटने बुजवल्या, द्रावण लावलेल्या किती दातांची कीड सहा महिन्यांनी कडक झालेली आढळली, चिठ्ठी दिलेल्यांपैकी कितींचे उपचार पूर्ण झाले, आणि दाढदुखीमुळे किती मुले शाळा चुकवतात. शेवटचा प्रश्न शिक्षकांना दर महिन्याला विचारा. पहिल्या वर्षी हे आकडे लहान असतील, तसेच दाखवा.

राहिली व्हॅन. जिथे वस्त्या दूरदूर पसरलेल्या आहेत, जवळ एकही दवाखाना नाही, आणि व्हॅन चालवणारी संस्था चालक, डॉक्टर, सहायक, इंधन, कॉम्प्रेसरची दुरुस्ती हे सगळे पुढची कित्येक वर्षे पेलू शकते, तिथे व्हॅनचा उपयोग होतो. देणगीदार बहुतेक वेळा गाडी देतो. चालवायचा खर्च देत नाही. मग ती उभी राहते, आणि ती उभी आहे म्हणून दुसरे काही सुरूही होत नाही. तुमच्या वस्तीपासून बसच्या अंतरावर दवाखाना असेल, तर त्या देणगीदाराला विचारून पाहा: व्हॅनच्या किमतीत दोन कार्यकर्त्यांचे तीन वर्षांचे मानधन, सगळ्या बालवाड्यांना पेस्ट-ब्रश, एक चांगला ऑटोक्लेव्ह, हाताच्या हत्यारांचे भरपूर संच आणि दवाखान्यात जाणाऱ्यांचे बसभाडे देता का? नाही म्हणाला तर बालवाडीतले घासणे तरी येत्या सोमवारपासून सुरू करा. त्याला कुणाच्या देणगीची वाट पाहावी लागत नाही.